घसरणाऱ्या क्लचविषयी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'जुन्या मोटारीची निगा' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणिसांची सूचना होती. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून मोटारीच्या एकाच अवयवापुरते आम्ही बोलणार आहोत. तो अवयव म्हणजे क्लच. त्याचीच निवड करण्यास एक कारण आहे, ते ओघाने येईल.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने निघू लागली व पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे. पण मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून या गाडीने दोन पिढ्या वाहिल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यातील शेवटच्या टॅक्सीने निरोप घेतला. आमची गाडी वडिलांनी १९८१ साली घेतली. २०११ मध्ये ते गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे.

प्रथम क्लच म्हणजे काय ते पाहू. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक सतत फिरत असते. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट असते, आणि या दोहोंच्या मध्ये, पोळपाट-लाटण्यात पोळी असावी तशी, क्लच प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबलेली असते. पाय पेडलवर दाबला की रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगांचा जोर काढून घेते, मधली प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. पाय काढला की पकड पुन्हा बसते. ही पकड अपुरी पडणे म्हणजेच क्लच घसरणे, किंवा कारागिरांच्या भाषेत 'स्लिप मारणे'.

याचा अनुभव आम्हांस २०१८ च्या मे महिन्यात कुंभार्ली घाटात आला. चिपळूणहून कऱ्हाडकडे लग्नास निघालो होतो. मागे ब्याऐंशी वर्षांची आमची आई. पोफळी सोडून चढ लागला आणि इंजिनचा आवाज वाढू लागला; गाडीचा वेग मात्र घटू लागला. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबावा तितके इंजिन ओरडे आणि गाडी जागच्या जागी आळसावे. मग जळका वास आला. आई एवढेच म्हणाली, "अरे, काहीतरी करपतंय." एका वळणावर गाडी उभी करून भर उन्हात तिला दोन तास दगडावर बसवावे लागले. लग्नाचा मुहूर्त चुकला.

आता आमच्या अपराधाकडे येतो. क्लच प्लेट आदल्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, नवी घातली होती. ती घालणारे मिस्त्री आपल्याच ज्ञातीचे. ते येथे मागील रांगेत बसले आहेत. घाटातून परतल्यावर कोणतीही तपासणी न करता, मिस्त्रींनी नकली प्लेट घालून आम्हांस फसविले, असे आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत दहा-बारा सभासदांसमक्ष म्हणालो. त्यानंतर काही घरांनी त्यांच्याकडे गाड्या देणे बंद केले, हे आम्हांस ठाऊक आहे.

मिस्त्री मात्र निरोप मिळताच आले. त्यांनी प्रथम पाना हाती घेतला नाही. पेडल हाताने दाबून पाहिले. पेडल पहिले बोट-दीडबोट अंतर अगदी सहज जावयास हवे. यालाच 'प्ले' म्हणतात. आमच्या पेडलला प्ले मुळीच नव्हता. मग चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून त्यांनी वरचा गिअर घातला आणि क्लच हळूच सोडला. निरोगी क्लच असता तर इंजिन तत्काळ बंद पडते. आमचे चालूच राहिले. (ही परीक्षा एकदाच व क्षणभरच करावी, वारंवार केल्यास उरलीसुरली प्लेटही जळते.) नंतर त्यांनी गाडीखाली जाऊन बेल हाउसिंगच्या तळाशी तेल पाझरते का ते पाहिले. इंजिनच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे सील गेले असेल तर तेल प्लेटवर येते, आणि ते सील न बदलता घातलेली नवी प्लेटही घसरते. आमचे हाउसिंग कोरडे होते.

गाडी घोड्यांवर चढविली. प्रोपेलर शाफ्ट, गिअरची व क्लचची जोडणी, मीटरची केबल, स्टार्टर हे सारे सुटे करून गिअरबॉक्स मागे ओढला. येथे दुसरा मनुष्य हवाच. गिअरबॉक्सचा भार त्याच्या शाफ्टवर लोंबकळला तर प्लेटचा मध्यभाग वाकतो. आत पाहिले तो प्लेटचे अस्तर काचेसारखे चकाकणारे, कडांशी जळलेले, फ्लायव्हीलवर निळसर डाग, बेअरिंग किरकिरणारे. अशा जागची धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसास घातक असते. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने ती पुसली.

प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग तिन्ही नवी घातली. फ्लायव्हील आधी लेथवर घासून आणले. प्लेट मधोमध बसावी म्हणून डमी शाफ्ट घातला. हे न केल्यास गिअरबॉक्स परत बसतच नाही, मग माणूस तासभर घाम गाळून नशिबास दोष देतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करीत आवळले.

शेवटी क्लचच्या जोडणीवरील नट पाहण्यासाठी त्यांनी आम्हांस वाकावयास सांगितले. काम पुरे झाले की नट आणि आटे यांवर लाल रंगाचा एक ठिपका देण्याची त्यांची पद्धत आहे. २०१७ चा तो ठिपका दुभंगलेला होता. नटावरचा अर्धा भाग जवळजवळ दोन फेरे पुढे गेला होता.

"भाऊ, यावर हात कुणी फिरवला?" त्यांनी विचारले.

आम्हीच फिरविला होता. पेडलचा तो प्ले आम्हांस ढिलेपणा वाटला आणि एका रविवारी वडिलांच्या हत्यारपेटीतील पाना घेऊन आम्ही तो काढून टाकला. परिणामी बेअरिंग सदैव टेकलेले आणि प्लेट वर्षभर अर्धवट पकडीत फिरत राहिली. शिवाय प्लेट झिजते तसा प्ले वाढत नाही, उलट कमी होतो. म्हणून तो अधूनमधून सोडवून द्यावा लागतो. आम्ही नेमके उलट केले. पेडलवर पाय टेकवून गाडी हाकण्याची ज्यांना सवय आहे, तेही नकळत हेच करीत असतात.

त्या दिवशी गॅरेजात आम्ही मिस्त्रींची क्षमा मागितली. परंतु आरोप बैठकीत केला होता आणि क्षमा गॅरेजात मागितली, हे सहा वर्षे आमच्या मनास टोचत आहे. म्हणून येथे, आपणा सर्वांसमक्ष आणि मंडळाच्या स्मरणिकेत छापले जावे अशा इच्छेने, आम्ही तो आरोप मागे घेत आहोत. प्लेट अस्सल होती आणि काम चोख होते. दुसऱ्या वेळची मजुरी त्यांनी पुरती घेतली; ती त्यांच्या हक्काचीच होती.

गाडी बाहेर वडाखाली उभी आहे. ज्यांना पेडलचा प्ले हाताने पाहावयाचा असेल त्यांनी अल्पोपाहारानंतर तेथे यावे. मिस्त्रीही येणार आहेत. नटावरचा ठिपका या खेपेस पिवळा आहे.