सुईचा नेम



शरीरात गाठीचा संशय आला, की डॉक्टर सुईने तिचा बारीकसा तुकडा काढून तपासावयास सांगतात. हीच बायॉप्सी. 'कर्करोग आढळला नाही' असा अहवाल आला, की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. परंतु या तीन शब्दांचा नेमका अर्थ काय, हेच आज आम्हांस आपणांपुढे मांडावयाचे आहे.

त्यांचा अर्थ इतकाच, की जेथून तुकडा आला तेथे कर्करोग नव्हता. सुई गाठीच्या शेजारून गेली असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष पेशीच दिसणार!

प्रोस्टेट ग्रंथीचे उदाहरण घेऊ. ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. 1989 मध्ये अमेरिकेतील हॉज व त्यांचे सहकारी यांनी सोनोग्राफीत पाहून तिच्या ठरावीक 6 जागांतून तुकडे घेण्याची पद्धत मांडली. पुढे 6 चे 10-12 झाले. पण सोनोग्राफीत ग्रंथी दिसली, तरी तिच्यातील रोगाची जागा पुष्कळदा दिसत नसे. पाणी कोठे आहे हे न कळता शेतात सारख्या अंतरावर खड्डे घ्यावेत, तसलाच हा प्रकार. त्यात घातक रोग निसटे आणि जो आयुष्यभर निरुपद्रवी राहिला असता, तोच हाती लागे.

2017 साली ब्रिटनमध्ये 576 पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. महत्त्वाचे कर्करोग ओळखण्यात जुनी पद्धत शेकडा 48 वेळा यशस्वी ठरली, तर एम.आर.आय. शेकडा 93 वेळा. मात्र एम.आर.आय. निर्दोष जागांवरही संशय घेतो. म्हणून सुई सुटत नाही. पुढल्या वर्षी, 500 पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, आधी एम.आर.आय. काढून केवळ संशयित जागीच सुई घातली, तेव्हा महत्त्वाचा कर्करोग शेकडा 38 जणांत सापडला. जुन्या रीतीने 26 जणांत. किरकोळ रोग सापडण्याचे प्रमाण शेकडा 22 वरून 9 वर आले. शिवाय पहिल्या गटातील शेकडा 28 जणांना सुई टोचावीच लागली नाही. तात्पर्य, टोचण्यांची संख्या वाढविण्यापेक्षा जागा कळणे महत्त्वाचे.

जागा कळली तरी नेम साधेलच असे नाही. एम.आर.आय. आधी काढलेला असतो, आणि सुई घालताना मूत्राशय कमीअधिक भरलेले असते. सोनोग्राफीच्या दांड्याने ग्रंथी दबते. संगणक जुनी प्रतिमा चालू प्रतिमेवर बसवितो खरा, पण ती काही मिलिमीटर सरकली तरी लहान गाठ हुकते. सुईचे टोक तिरपे कापलेले असल्याने तीही जाताना एका बाजूस वळते. यकृत किंवा फुप्फुस असेल, तर श्वासाबरोबर लक्ष्यच हलते. म्हणून रुग्णास श्वास रोखावयास सांगतात. तेव्हा ती सूचना नीट पाळणे हाही नेमाचाच भाग होय.

मग आपण काय करावे? अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न विचारावा: "प्रतिमेत जे दिसले, त्याचा आणि या अहवालाचा मेळ बसतो ना?" प्रतिमेत दाट संशय आणि अहवाल मात्र निर्दोष, असे असेल, तर पुन्हा तपासणी करावी काय, हे विचारण्यात संकोच नको. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. सुईच्या मर्यादेची ती जाणीव आहे. समाधान मानावयाचे ते हा मेळ बसल्यावर, इतकेच आमचे सांगणे आहे.