मनोरुग्णालयाच्या दाराशी हक्क संपत नाहीत

मी वकील आहे. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या लोकांना कायदेशीर मदत करते. मला नेहमी विचारलं जातं, "घरच्यांनी सही केली की माणसाला आत ठेवता येतंच ना?" तर नाही. नुसत्या सहीवर येत नाही.

६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. २५ हून अधिक माणसं गेली. साखळ्यांनी बांधलेली माणसं पळणार कशी?

आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. इंदूर, सुरत, हैदराबाद, ठाणे, सगळीकडे हाच. त्यात साखळीने बांधणं, भूल न देता विजेचे झटके देणं आणि एकांतात कोंडणं, तिन्हींना मनाई आहे.

आता दाखल करण्याचं बघू. तुम्ही स्वतःहून दाखल झाला असाल, तर घरी जायचं म्हटल्यावर सोडावं लागतं. धोका वाटला तर तपासणीसाठी थांबवता येतं, पण जास्तीत जास्त २४ तास.

तुमच्या संमतीशिवाय दाखल करायचं असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज हवा. शिवाय दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलेलं हवं. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. मुदत ३० दिवस. रुग्णालयाने ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांचं मत आणि मंडळाची मंजुरी लागते.

हे मान्य नसेल तर मंडळाकडे दाद मागा. फी नाही. खास परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरची विनंतीही मंडळ घेऊ शकतं. वकील मोफत मिळतो, आणि हे रुग्णाला सांगणं रुग्णालयाच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. फोन करणं, भेटायला आलेल्याला भेटणं किंवा नाकारणं, हेही रुग्णाचे हक्कच.

एका बाईंनी मला विचारलं होतं, "डॉक्टर म्हणतात मी बरी झाले. भाऊ न्यायला येत नाही. मग माझी शिक्षा कधी संपणार?" कायद्याचं उत्तर स्वच्छ आहे: घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्या कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. अशा माणसाची समाजात राहण्याची सोय लावणं सरकारचं काम. पण सोयच नसेल तर दार उघडून ती जाणार कुठे? खरं अडतं ते इथे.

मंडळंही अनेक राज्यांत वेळेवर नेमली गेली नाहीत. पण तेवढ्याने रस्ता बंद होत नाही. उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते.

तुमच्या ओळखीचं कुणी दाखल असेल, तर आज तीन गोष्टी विचारा: दाखल कोणत्या कलमाखाली केलं, मुदत कधी संपते आणि मंडळाला कळवलं का. उत्तर टाळलं गेलं, तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा. विचारणारं कुणी बाहेर असलं, की आतल्या माणसाची फाइल हलते.