जुनी बंदूक आणि कारागिराचा विवेक

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोखंड, लाकूड, तांबे-पितळ, पाषाण आणि सुवर्ण या पाच द्रव्यांवर ज्याचा चरितार्थ पिढ्यानुपिढ्या चालत आला, तो आपला पांचाळ समाज. या व्यासपीठावरून विद्वानांची भाषणे आपण ऐकलीच आहेत. आमचा अधिकार तेवढा नाही. म्हणून आमच्या हातून गेलेल्या एका कामाची हकिकत आपल्यापुढे ठेवावी, एवढाच आमचा मानस आहे. त्या कामात लोखंड होते, लाकूड होते आणि पितळही होते; परंतु खरी कसोटी लागली ती हाताची नव्हे, विवेकाची.

कंधार तालुक्यातील एका परिचित घरातून आम्हांस निरोप आला. माळवदाच्या जुन्या वाड्यात, आतल्या ओलसर खोलीत, पणजोबांची बंदूक कित्येक वर्षे पडून होती. निजामी अमदानीतील उर्दू परवान्यापासून ते चालू परवान्यापर्यंतचे सर्व कागद त्या घराने जपून ठेवले होते. आमच्या दुकानास शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे; तरीही कागद पाहिल्यावाचून आम्ही शस्त्रास हात लावीत नाही. कागद पाहिले आणि मग बंदूक पाहिली. ती मार्टिनी-हेन्री होती. नातवाची इच्छा अशी की, लग्न ठरले आहे, वरातीत पणजोबांची बंदूक एकवार वाजावी. खर्चाची चिंता नाही.

ही बंदूक इंग्रजी सैन्याने 1871 साली स्वीकारली. तिचे यंत्र मार्टिनी या स्विस गृहस्थाच्या योजनेवरचे आणि नळीतील पेच हेन्री या एडिंबरोच्या कारागिराचे, म्हणून हे जोडनाव. चापामागे खाली लोखंडी तरफ असते. ती खाली ओढली की आतील ठोकळा खाली झुकतो, रिकामे टरफल मागे फेकले जाते आणि नव्या काडतुसास वाट मोकळी होते. तरफ वर घेतली की ठोकळा नळीचे तोंड बंद करतो आणि घोडाही आतल्या आत चढलेला असतो. बाहेर घोडा दिसत नाही. म्हणून ठासणीच्या बंदुकीची सवय असलेल्या आपल्या जुन्या मंडळींस ती मोठी नवलाची वाटली असेल.

आता काडतुसाविषयी. त्यास .577/450 असे नाव आहे. तिच्या आधीच्या स्नायडर बंदुकीचे काडतूस .577 इंचांचे. त्याचा मागील घेर कायम ठेवून पुढचा गळा .450 पर्यंत आवळला, म्हणून हे दुहेरी नाव. आत सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि पुढे सुमारे 31 ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. आरंभी याचे टरफल पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून करीत. तापलेल्या नळीत ते चिकटे आणि मागची चकती तेवढी उपटून येई. सुदानच्या 1885 सालच्या लढाईत या दोषापायी शिपायांच्या बंदुका ऐन वेळी अडकल्या. पुढे एकसंध पितळेचे टरफल आले. परंतु लवकरच धूररहित दारूचे युग सुरू झाले. 1888 साली ली-मेटफर्ड आली आणि मार्टिनीचा काळ सरला. त्यातच 1907 च्या सुमारास सरकारने .450 बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली. कारण ज्यांच्या हाती या बंदुका होत्या त्या बंडखोरांस गोळी मिळू नये. अशा रीतीने बंदूक राहिली आणि तिचे अन्न नाहीसे झाले.

येथेच धोका आहे. इंग्रज सरकारने पुढे याच यंत्रावर .303 ची नळी बसवून मार्टिनी-एनफिल्ड नावाच्या बंदुका केल्या. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच दिसतात. काळ्या दारूचा दाब मर्यादित असतो. जुन्या नळीचे पोलाद त्याच हिशेबाने घडविलेले. आजच्या धूररहित दारूचा दाब त्याहून कितीतरी अधिक. त्यात शतकाचा गंज आतून नळी खाऊन गेलेला. अशा बंदुकीत कोणी जवळपासचे काडतूस जुळवून घालील, तर नळी फुटावयास एक क्षण पुरे. फुटलेले लोखंड शत्रू पाहत नाही. ते प्रथम उडविणाऱ्याच्या मुखावर येते.

आम्ही त्या मुलास म्हटले, ‘बाळ, ही बंदूक बोलती करण्याचे काम आम्ही करणार नाही.’ मग कायदाही समजावून सांगितला. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. तिच्या अन्वये आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एका प्रकारच्या शस्त्राचे परवान्यावाचून दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे हाही गुन्हाच. जे जुने शस्त्र दुरुस्तीनेही कधी चालू शकणार नाही, त्यास कायद्यात सूट आहे. परंतु ते तसे आहे किंवा नाही हे घरच्या माणसाने ठरवावयाचे नसते. मुलगा नाराज झाला. आजी मात्र म्हणाली, ‘वाजवू नका, पण गंजून मरूही देऊ नका.’ कामाची खरी व्याख्या त्या माउलीने केली.

मग काम आरंभिले. पहिली गोष्ट, आत काडतूस नाही याची खात्री. दुसरी, सुटे होईल ते सारे तेलात भिजवून ठेवणे. गंजलेल्या पेचावर जोर करणे हे अधीरपणाचे लक्षण. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते, म्हणून नळी आतून गरम पाण्याने धुऊन, लगेच वाळवून तेलाचा हात दिला. बाहेरील लाल गंज कानशीने किंवा काचकागदाने काढला नाही. तो भाग शुद्ध पाण्यात उकळला. त्याने लाल गंजाचा काळा, स्थिर थर बनतो. तो मऊ ब्रशाने हळू पुसला की खालचे मूळ लोखंड झाकलेलेच राहते आणि छापही शाबूत राहतात. अक्रोडाच्या दस्त्यास जवसाचे तेल दिले. इंग्रजी कारखान्यांतही दस्त्यांस हेच तेल देत. आणि जवस तर आपल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचेच पीक. थेंबाथेंबाने, हाताच्या उबेने चोळून, पंधरा दिवस ते मुरू दिले. हळूहळू लोखंडावरचा राजमुकुट, सालाचा आकडा आणि अनुक्रमांक स्पष्ट झाले.

या छापांचा आम्ही एवढा आग्रह का धरतो, याचे कारण सांगताना आम्हांस आमचाच एक प्रमाद कबूल करावा लागतो. उमेदवारीच्या दिवसांत उदगीरकडील एका घराची बंदूक दसऱ्यापूर्वी उजळण्यास आली होती. उस्तादांच्या गैरहजेरीत आम्ही तिच्या दस्त्यावर रंधा फिरविला आणि आरशासारखा लखलखीत केला. धनी खूश झाले. परंतु घरातील वृद्ध सासूबाईंनी बंदूक मांडीवर घेतली आणि दस्त्यावरून बोटे फिरवीत त्या काही तरी शोधू लागल्या. तेथे त्यांच्या सासऱ्यांनी चाकूने मोडी अक्षरे कोरलेली होती. आम्हांस मोडी वाचता येत नव्हती. ते ओरखडे समजून आम्ही पुसून टाकले होते. त्या बाई रागावल्या नाहीत. नुसती बंदूक परत दिली. ती परत देण्याची रीत आम्ही आजतागायत विसरलो नाही.

लोखंडावरील अनुक्रमांकाची गोष्ट तर त्याहून गंभीर. उदगीरचा प्रदेश 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, नंतर उस्मानाबादेत गेला आणि 1982 साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात आला. दप्तरे तीन ठिकाणची. अशा वेळी शस्त्र आणि कागद यांची गाठ घालून देणारी एकच खूण उरते, ती म्हणजे लोखंडावरचा आकडा. तो घासून टाकणारा कारागीर त्या घराचा साक्षीदारच मारतो, आणि स्वतः गुन्हेगार ठरतो.

शस्त्राची निगा म्हणजे शस्त्राचा वापर, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे पाहावे. गुरू गोविंदसिंगजींची म्हणून पूजिलेली शस्त्रे तेथे आहेत. त्यांत तोड्याची बंदूकही आहे. दिवाळीच्या सुमारास गोदावरीचे जल आणून तख्तस्नान होते आणि शस्त्रे स्वच्छ केली जातात. त्या बंदुकीस बार काढण्याची गरज कधी भासली नाही; म्हणून तिचा मान काय कमी झाला? उलट, आपल्या किल्ल्यांतील तोफा ऊनपावसात पडल्या आहेत. त्यांना ना कोणी तेल देत, ना कोणी त्यांवरील लेख वाचीत.

आपल्या घरोघरी दसऱ्यास शस्त्रपूजन होते. म्हणून जाता जाता दोन शब्द. लोखंडी शस्त्र चिंचेने घासू नये. आंबट पदार्थ लोखंड खातो. हळदीकुंकू ओले करून धातूवर लावू नये, पाटावर वाहावे. पूजा होताच हाताचा घाम कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे बोट फिरवावे. परवान्याची मुदत आणि शस्त्रांची संख्या तपासावी. 2019 पासून एका परवानाधारकास दोहोंपेक्षा अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत, आणि वारशाने आलेलीही त्यांतच मोजली जातात.

कंधारच्या त्या घरी लग्न झाले. वरातीत सनई-चौघडा वाजला, बंदूक वाजली नाही. नवरदेव पुढे आमच्या दुकानी आला आणि अनुक्रमांक व साल वहीत उतरवून घेऊन गेला. आपल्या पूर्वजांनी लोखंडास आकार दिला. त्यांचे वंशज म्हणविणाऱ्या आपण निदान हात कोठे थांबवावा, एवढे शिकलो तरी त्या विश्वकर्म्याचे ऋण अंशतः फिटेल, असे आम्हांस वाटते.