अंगणातील वल्लम



येथे कोचीस कालव्याकाठी चिखलात पडलेले, दोन माणसांपुरते एक जुने वल्लम आम्ही जळाऊ लाकडाच्या भावाने घेतले व अंगणात आणले. फळ्या आंजिलीच्या, म्हणजे आपल्या रानफणसाच्या. त्या शाबूत होत्या. कुजला होता काथ्या. या नावेस खिळा नसतो. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. शेजारच्या वृद्ध आशारींनी, म्हणजे सुतारांनी, सारी शिवण उसवावयास लावली. सांध्यांत काथ्या ठासून आम्ही ती पुन्हा घातली. मग आतून माशाचे तेल, बाहेरून काजूच्या टरफलांचे. ते हातास लागले की फोड येतात. आठ दिवस घरी पाहुणा फिरकला नाही!

पाण्यात सोडताच वल्लम भरून काठापर्यंत बुडाले. आशारी हसले. दोन दिवस राहू द्या, लाकूड फुगले की सांधे मिटतील, म्हणाले.

त्या दोन रात्री आम्हांस मालवणजवळची कोळंबची खाडी आठवत राहिली. आजोबांची होडी तेथे अशीच कुजली. पत्रे येत होती. रजा मिळाली नाही, असे आम्ही आजवर सांगत आलो. वास्तविक ती मागितलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाणी उपसले. नवे आत आले नाही.