सगळ्या आया एका गजानं मोजू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचं शिक्षण जेमतेम सातवी. पुढचं जे काय शिकलो ते गिरणीत साच्यावर, युनियनच्या बैठकांत आणि वाचनालयात. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आज आईच्या मायेवर बोलायचं आहे. त्याला कारण घडलं. आमची सून तान्ह्या नातवाला घेऊन एका शिबिराला गेली होती. तिथं एका शिकलेल्या बाईंनी तिला चारचौघींत सुनावलं, "तुम्ही बाळाशी बोलत नाही, खेळत नाही. त्याच्याकडे तुमचं लक्षच नाही." पोरगी घरी येऊन रडली. आणि खरं सांगायचं तर आम्हीही आधी तिला बोललो होतो, "रडलं की लगेच उचलतेस, सवय लागेल त्याला." एक म्हणतो कमी, दुसरा म्हणतो जास्त. मग तिनं करायचं काय? म्हणून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचलं, शिकल्या पोरांकडून समजून घेतलं.

मेरी एन्सवर्थ नावाच्या विदुषी होत्या. 1954-55 साली त्या आफ्रिकेतल्या युगांडात गेल्या आणि खेड्यांतल्या 26 आयांना लेकरं सांभाळताना त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. पुढं अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातही त्यांनी तसंच काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बाळाची खूण आईच्या ध्यानात यावी, तिचा अर्थ तिला बरोबर कळावा आणि तिनं वेळेवर, योग्य ते करावं. आणखी एक गोष्ट बाल्टिमोरला दिसली. पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आया लगेच धावल्या, ती बाळं वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. म्हणजे सुनेला बोललो ते आमचंच चुकलं होतं. आम्ही तिला तसं सांगितलं.

पण "योग्य ते करावं" म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक समाज आपापल्या परीनं ठरवतो. केनियात गुसी नावाचे शेतकरी लोक आहेत. रॉबर्ट लेव्हाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 नंतरच्या दशकात तिथल्या आयांचा अभ्यास केला. गुसी आई बाळाला अंगाशी धरते, रडलं की चटकन शांत करते. पण त्याच्या डोळ्यांत बघून गप्पा मारत बसत नाही. एवढ्या लहान जिवाला बोलणं कळत नाही, असा तिचा समज. शिवाय तिथं तान्ही मुलं दगावायची, म्हणून आधी जीव जगवायचा. अमेरिकेतली आई मात्र बाळाशी सारखी बोलते, खेळणी दाखवते. त्या आयांचं चित्रण गुसी बायकांना दाखवलं, तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. बाळ रडतंय आणि ही उचलायला एवढा वेळ का लावते, हा त्यांचा सवाल! आता सांगा, माया कुणाला कमी?

जपानी आई बाळानं मागायच्या आधीच त्याची गरज ओळखायला बघते. अमेरिकन आई बाळानं खूण करावी म्हणून वाट बघते, कारण मूल स्वतःच्या पायावर उभं राहावं ही तिची ओढ. कांगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत तर एकाच बाळाला अनेक बाया घेतात, दूधसुद्धा पाजतात. आपल्याला हे नवं वाटू नये. महामाया सात दिवसांत गेल्यावर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीनंच वाढवलं.

आता आपल्या घरचं बघू. आमच्या आजीच्या काळात मुंबईतल्या गिरणी कामगार बाया तान्ह्या लेकराला आफूची गोळी देऊन कामावर जात. आज ऐकून अंगावर काटा येतो. लेकराच्या जिवाला त्यात धोका होता, ते चूकच होतं. पण तिला काळीज नव्हतं असं कोण म्हणेल? भोंगा झाला की पाळीवर हजर व्हायचं, खाडा झाला की पगार कापला. लेकराचं रडणं तिला कळत होतं, पण धावायला तिला मोकळीक नव्हती.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभाच्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळाली पाहिजे, त्यात देशाचंच हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 ला तो कायदा झाला. 2017 साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे केली, 50 किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. पण आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायांना यातलं काय मिळालं? त्यांच्यातली एखादी दमून आली आणि लेकराशी बोलली नाही, तर तिला उपदेश करण्याआधी तिच्या हातातली पिशवी घ्या.

सूनबाईंना शिबिरातल्या बाईंनी सांगितलेलं बोलायचं-खेळायचं तेही खोटं नाही. आपल्या पोरांना शाळेत जायचंय, तिथं बोलणं उपयोगी पडतं. तेव्हा बाळाशी बोला, गाणी म्हणा. पण ते काय एकट्या आईचं काम नाही. बापानं बोलावं, आजोबानं बोलावं.

शेवटी महिला मंडळापुढं एक सूचना ठेवतो. दुपारी विहार रिकामाच असतो. कामाला जाणाऱ्या आयांची लेकरं दोन-तीन तास इथं सांभाळू. घरी बसलेली आम्ही म्हातारी माणसं पाळी लावून घेऊ. पहिलं नाव आमचं लिहा.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!