अवटू ग्रंथीतील गाठ : परीक्षा आणि विवेक



गळ्यावर गाठ हाताला लागताच रुग्णाच्या मनात कर्करोगाची शंका येते. वस्तुतः अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीतील बहुतांश गाठी निरुपद्रवी असतात. सोनोग्राफीत आम्ही पाच गोष्टी पाहतो : गाठ भरीव की द्रवयुक्त, ती किती गडद दिसते, रुंदीपेक्षा उंची अधिक आहे काय, कडा अनियमित आहेत काय आणि आत चमकणारे सूक्ष्म ठिपके आहेत काय. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या २०१७ च्या ‘टायरॅड्स’ पद्धतीत या लक्षणांना गुण देऊन गाठींचे पाच वर्ग केले आहेत. अतिसंशयास्पद गाठ १ सें.मी., मध्यम संशयाची १.५ सें.मी. व अल्प संशयाची २.५ सें.मी. झाल्यास सुईने पेशी काढून तपासण्याचा सल्ला दिला जातो.

मात्र सरसकट तपासणी हितावह नव्हे. दक्षिण कोरियात २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र तेवढेच राहिले. अनेकांना अनावश्यक शस्त्रक्रियेस आणि पुढे आजन्म औषधास सामोरे जावे लागले.

म्हणूनच संशयास्पद गाठ वेळेवर ओळखणे आणि इतरांना धीर देऊन शस्त्रक्रियेपासून दूर ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये आम्ही समान मानतो.