गठ्ठा कुणाच्या पोटावर?

डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा आख्खा गठ्ठा स्वस्त पडतो म्हणून मी भुललो. वापरली दोनच : एक फोटोचं, एक पानं लावायचं. बाकीच्यांचे पैसे माझ्या पोटातनं गेले.

अॅडोबीची क्रिएटिव्ह सूट ६ आली २०१२ साली. ती शेवटची विकतची पेटी. २०१३ पासून त्या पेटीतलं नवं सगळं भाड्यानं. भाडं थकलं की आपलंच पोस्टर त्यात आपल्याला उघडत नाही!

म्हणून आधी आपलं काम मोजा. फोटोला गिम्प, चित्राला इंकस्केप, पानांना स्क्रायबस, तिन्ही फुकट. चार जोडाक्षरं टाइप करून बघा. छापखान्याला कसली फाइल चालते ते विचारा. नवी आवृत्ती निघाली म्हणून धावू नका. जुन्यावर काम अडलं, तरच बदला.

भिंतीवर पोस्टर बोलतं. पेटीचं नाव कोण वाचतो?